इथली स्पॅनिश आणि तिथली मराठी

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, हा महाराष्ट्र सरकारचा एप्रिल २०२५चा निर्णय आणि जूनअखेरची माघार हे सगळं नाट्य आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत बसून पाहिलं. तेव्हापासून नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "तुमची मुलगी पाचव्या वर्षापासून स्पॅनिश शिकते ते चालतं, मग इथे हिंदी का नको?"

चालतं कसलं, धावतं! तिच्या सरकारी शाळेत द्विभाषिक वर्ग आहे. बालवर्गात नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमधून, मग इंग्रजी वाढत वाढत पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. वर्गातली बरीच मुलं घरी स्पॅनिश बोलणारी. गणिताला मेक्सिकन मैत्रीण हिला समजावते, इंग्रजीच्या तासाला ही तिला. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' तर आपल्या पोरांना आयतेच येतात. मैत्रिणीच्या आजीशी ही तिच्या भाषेत गप्पा मारते, त्यामुळे गरम तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) सगळ्यांत आधी हिच्या पानात पडतो.

हेही सुखासुखी मिळालेलं नाही. १९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद पाडलं होतं. २०१६मध्ये त्यांनीच ते बंधन उठवलं. आजही या वर्गात जायची सक्ती नाही, पालक आपणहून अर्ज करतात.

आणि हिंदीशी तुलना करणारे एक गोष्ट विसरतात. स्पॅनिश ही इथे दिल्लीहून, म्हणजे वॉशिंग्टनहून, आलेली भाषा नाही. ती या गावात इंग्रजीच्या आधीपासून आहे. गावाचं नावच बघा, स्पॅनिश आहे. तरीही आज ती बागकाम करणाऱ्यांची, हॉटेलांच्या भटारखान्यात राबणाऱ्यांची म्हणून खालची समजली जाते. पुण्या-मुंबईत ही जागा कुठल्या भाषेची? मला तरी मराठीचीच दिसते. इंग्रजी माध्यमातला माझा भाचा पोळ्यांच्या मावशींशी हिंदीत बोलतो, आणि मावशी साताऱ्याच्या! २०२०च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली खरी, पण त्याच्या लेखी ती पाठ करून टाकायचा एक पेपर.

तिसरी भाषा कोणती यावर भांडण्याआधी इंग्रजी शाळांनी निदान गणित नाहीतर परिसर अभ्यास मराठीतून शिकवून बघावा. त्यासाठी मुलं शोधत फिरायला नको. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर आलेली, घरी मराठी बोलणारी कितीतरी मुलं त्याच बाकांवर बसलेली आहेत. इंग्रजी कच्चं म्हणून त्यांना जादा तासाला बसवतात. त्यांचं मराठी शेजारच्या पोराच्या कामी यावं, असं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.