कॉम्प्युटर येतो ना? मग बस मागे!

चर्चच्या मंडळीत तरुण टिकत नाहीत, अशी काळजी पंच कमिटी दर बैठकीत करते. (त्या बैठकीला तरुणांना बोलवायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.) उपाय सोपा आहे. उपासना ऑनलाइन दाखवायचं ठरवा आणि सगळं काम एका सतरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात घाला.

मोबाइल अगदी मागच्या भिंतीपाशी लावा, म्हणजे पाळकसाहेब काडेपेटीतल्या काडीएवढे दिसतील. आवाजही त्याच मोबाइलच्या माइकवरून घ्या. साउंड मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज बाहेर काढायच्या जोडणीतून) वेगळी वायर ओढली तर उपदेश स्वच्छ ऐकू जाईल, आणि लोक तो खरंच ऐकतील. जोखीम कशाला? मोबाइलच्या माइकला छताचा घुमारा, पंख्याची घरघर आणि शेवटच्या बाकावरचा खोकला सगळे सारखेच प्रिय. पोरगा म्हणेल, फुल एचडीला अपलोडचा वेग निदान 5-6 एमबीपीएस लागतो, लॅनची वायर टाकू. नको म्हणा. वाय-फायवरच चालवा आणि पासवर्ड सूचनाफलकावर लिहा. पहिल्या प्रार्थनेतच चाळीस मोबाइल त्यावर चढतील आणि घरी बसलेल्यांना गरगर फिरणारं चाक तेवढं दिसेल.

गीतांची यादी शनिवारी रात्री साडेदहाला पाठवा, तीही युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. चर्चच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो. मग 'प्रभू'च्या जागी कंस आणि टक्क्याची चिन्हं झळकतील. एका स्लाइडवर चार ओळी पुरे, असं पोरगा सांगेल. तुम्ही सहा कडवी कोंबा. पाठीमागे मावळता सूर्य, वर पिवळी अक्षरं.

पाळकसाहेब माइक घेऊन स्पीकरच्या पुढ्यात गेले की स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. अशा वेळी पाळकसाहेबांना मागे सरका म्हणू नये. सगळ्यांनी माना वळवून पोराकडे बघावं.

काम करणाऱ्याला झाकायची रीत जुनीच आहे. 2 जानेवारी 1921 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका चर्चमधून केडीकेए या रेडिओ केंद्राने उपासना ऐकवली, तेव्हा यंत्रं सांभाळणाऱ्यांना गायनमंडळाचे झगे चढवले होते. लोकांचं लक्ष विचलित व्हायला नको ना! तुम्हाला झग्याचाही खर्च नाही, मागचं टेबल पुरे.

प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षारसाचं) तबक त्या टेबलापर्यंत न्यायची गरज नाही. पोराचा एक हात आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर असतो, दुसरा माउसवर. वचनावर दोन मिनिटं बोलू का, असं त्याने विचारलंच, तर 'आधी प्रोजेक्टर बघ' म्हणावं.

चार-पाच वर्षांत तो नोकरीसाठी दूर जाईल. पुढच्या रविवारी कळेल की उपासनेचं चॅनेल उघडायचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. फोन लावा. कसा आहेस वगैरे नंतर. आधी ते सहा आकडे विचारा.