अर्ध्या मार्कासाठी ‘द’चा छळ

भाचीचा पाचवीचा इंग्रजीचा पेपर आज हातात पडला आणि डोकंच फिरलं. रिकाम्या जागा भरा: ‘आय सॉ ___ डॉग निअर अवर गेट.’ पोरीनं लिहिलं ‘द’. त्यावर लाल फुली, शेजारी पेन दाबून लिहिलेला ‘अ’, अर्धा मार्क गुल. का? तर म्हणे पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’, दुसऱ्यांदा आला की ‘द’. अहो, पण वाक्यच एक आहे! मागं काही नाही, पुढं काही नाही. त्यांच्या गेटपाशी वर्षानुवर्षं एकच कुत्रा बसतो, अख्खी गल्ली त्याला ओळखते. पोरीच्या डोळ्यांसमोर तोच आला, म्हणून ‘द’. बरोबरच लिहिलं तिनं! ऐकणाऱ्याला कोणता कुत्रा ते ठाऊक असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’. ऐकणाराच नाही अशा सुट्या वाक्यात एकच उत्तर बरोबर, हे ठरवलं कुणी? गाइडनं!

आणि हा फरक आमच्या पोरांना समजत नाही म्हणे. ‘अंगणात कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा अंगणात आहे’, यात घोळ घालणारं एक मराठी पोर दाखवा. ‘डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कुणीही चालेल, ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ते ठरलेले. पोरांना सगळं येतं. तिथून धरून शिकवा ना! पण नाही, तक्ता पाठ करा. नदीला ‘द’, म्हणून द गोदावरी. डोंगररांगेला ‘द’, पण एकट्या शिखराला नाही, म्हणून कळसूबाई नुसतीच. तळ्यालाही नाही. नेदरलँड्सला आहे, इंडियाला नाही. पोरगी शिकायला निघाली तर ‘टू स्कूल’, बाप फी भरायला गेला तर ‘टू द स्कूल’. यात केवढी सुंदर गोष्ट दडलीय, एक शाळा म्हणजे शिक्षण आणि दुसरी म्हणजे ती इमारत, पण हे वर्गात कुणी सांगतच नाही. आजारी ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर. आमच्याकडं मात्र गाइडात जे छापलंय तेवढंच खरं, बाकी सगळ्यावर फुली.

उच्चाराचंही तेच. स्वराच्या उच्चाराआधी ‘दि’, नाहीतर ‘द’, यावरून पोरांना वर्गात उभं करतात. गावोगावच्या सहकारी बँकांच्या पाट्यांवर पुढं काहीही असो, ‘दि’च असतं. तिथं कुणी लाल पेन घेऊन गेलेलं मी पाहिलेलं नाही.

खरा संताप पुढचा आहे. मुलाखतीत मराठी माध्यमाचा मुलगा मशीन कुठं अडलं, कसं चालू केलं, हे छान सांगत होता. मध्येच ‘द’ सुटला, समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले आणि तो गप्प झाला. पुढचं सगळं ‘येस सर’, ‘नो सर’. मी तिथंच बसलो होतो. इंग्रजी पेपरांचे मथळे रोज ‘द’ गाळतात, कुणी हसत नाही. रशियनमध्ये आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘द’सारखा शब्द, नाही, लॅटिनमध्ये नव्हतं, संस्कृतात नाही. रशियन शास्त्रज्ञाचा ‘द’ सुटला तर तो मोठा माणूस, आणि साताऱ्याच्या पोराचा सुटला की लगेच अडाणी?