खपली, घासभर चपाती आणि सिलिॲक: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या घराघरांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळं आतडं झिजवणारा आजार) हे परदेशी खूळ आहे, आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर गहू खाल्ला, त्यांना काही झालं नाही. दोष आहे तो हरितक्रांतीनंतरच्या गव्हाचा. खपलीत ग्लूटेन नसतं, तेव्हा खपलीची चपाती खुशाल खावी. रोज घासभर खात गेलं की अंगवळणी पडतं. दूध न पचणं काय नि गहू न पचणं काय, प्रकृती नाजूक असल्याचीच ती लक्षणं. घरची जोंधळ्याची भाकरी तर शंभर टक्के निर्धोक. तपासण्यांच्या मागं लागण्यापेक्षा महिनाभर गहू बंद करून बघा, आणि पोट सुधारलं की पुन्हा सुरू करा.

माझ्या भाचीला सिलिॲक आहे. हा मेसेज तिच्या आजीला नात्यातल्या कितीतरी जणांनी पाठवला, आणि सगळ्यांनी काळजीपोटीच पाठवला. आपल्या मातीचं, आपल्या चुलीचं नाव घेऊन सांगितलेलं असल्यामुळं घरातल्या थोरांना ते पटतं, आणि मग पोरीच्या ताटाशी रोज वाद उभा राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

खपलीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतंय. खपली हा गहूच आहे. आपल्याकडं कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पिकतो, कांडून त्याचं टरफल काढावं लागतं आणि त्याची खीर महाप्रसादाला होते. नेहमीच्या चपातीच्या गव्हात गुणसूत्रांचे सहा संच असतात, खपलीत चार. जे दोन संच खपलीत नाहीत, त्यांच्यात ग्लूटेनचे काही फार त्रासदायक तुकडे तयार करणारी जनुकं असतात. ‘खपली कमी बाधते’ या समजुतीला एवढाच आधार आहे. उरलेल्या चार संचांतूनही ग्लायडिन, म्हणजे ग्लूटेनचाच एक घटक, तयार होतंच, आणि सिलिॲक असलेल्या माणसाच्या आतड्यातल्या पेशी तेही ओळखतात. खपलीची कणीक साध्या गव्हासारखी ताणली जात नाही, कारण तिच्यातलं ग्लूटेन कमकुवत असतं. कमकुवत म्हणजे कमी, असा अर्थ लोकांनी परस्पर लावून घेतलाय. मधुमेह असलेल्यांनी खपली खावी की नाही, हा वेगळा विषय आहे. सिलिॲक असलेल्यानं खपलीची चपाती, खीर, रवा, शेवया यांतलं काहीच खाऊ नये. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानात ‘ग्लूटेन नसलेला खपली’ अशी पाटी दिसली, तरी आत गहूच असतो.

आता आजी-आजोबांचं. तीन-चार पिढ्यांपूर्वी आपल्या खेड्यांत रोजच्या ताटात गहू होता कुठं? शाळूची भाकरी, नाचणी, भात. चपाती सणासुदीला, पाहुणा आला तर. तेव्हा ‘जन्मभर गहू खाल्ला’ हे वाक्य इथल्या बहुतेक घरांना लागूच पडत नाही. आणि ‘काही झालं नाही’ हे तरी कुणी तपासलं होतं? रक्तातल्या ज्या तपासणीवर आज निदानाची सुरुवात होते, तिच्यामागचा शोधच १९९७ चा आहे. त्याआधी सतत हगवण लागणारी, हाडं मऊ राहिलेली, वाढ खुंटलेली मुलं घरोघरी होती. त्यांतल्या कुणाला हा आजार होता, हे आज सांगता येणार नाही. ‘कुणालाच नव्हता’ असंही म्हणून म्हणता येत नाही.

हरितक्रांतीचा दोष म्हणावा, तर तारखा जुळत नाहीत. बुटक्या जातींचा गहू भारतात आला तो १९६० च्या दशकात. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं १८८८ मध्ये. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं सुधारलेली दिसली. पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. गव्हाचा संबंध डिके यांनी प्रबंधातून मांडला, तो १९५० मध्ये. म्हणजे गव्हावर बोट ठेवलं गेलं, तेव्हा तो बुटका गहू आपल्या शेतात आलेलाही नव्हता.

‘परदेशी खूळ’ हा शब्द तर मनाला लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारताच्या उत्तर भागात शंभर प्रौढांमागं एकाहून थोडं जास्त, तर दक्षिणेत हजारामागं एक असं प्रमाण आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडं जवळपास सारखीच होती. रोजच्या खाण्यातला गहू मात्र उत्तरेत कितीतरी जास्त होता. आपल्याकडंही गेल्या काही दशकांत भाकरीच्या जागी चपाती, ब्रेड, टोस्ट, बिस्किटं आली आहेत. हे खूळ असतं, तर छोट्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट झालेले दिसले नसते. हा आजार म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लूटेनच्या निमित्तानं स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हगवण हे एक लक्षण झालं. कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही, कुणाची उंची थांबते, कुणाला तोंड सारखं येतं, कुणाची हाडं तरुणपणीच ठिसूळ होतात. पोट अजिबात न दुखणारे रुग्णही असतात.

‘घासभर खाल्लं की सवय होते.’ थोडा हिशेब करू. एका मध्यम चपातीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचा अंश चालतो, असं मानतात. म्हणजे चपातीचा अडीचशेवा भाग. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झाल्याचं एका चाचणीत दिसलं आहे, आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे एक घासही नव्हे, एक चिमूट. म्हणूनच आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं असेल, तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आजी म्हणते, ‘एवढ्याशानं काय होतंय गं बाळ?’ त्या क्षणी खरंच काही होत नाही. पोरगी हसतखेळत शाळेला जाते. आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही, आणि सवय झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळंच.

दुधाचा मुद्दा याच्याशी गुंतलेला आहे, आणि इथं मेसेजनं दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य कमी पडणं. त्यात पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, पण आतड्याला इजा होत नाही. तिथं ‘थोडं थोडं’ चालतंही. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा मोठा पेला ज्याला सोसत नाही, त्यालाही जेवणासोबतचा अर्धा कप चहा, दही, ताक बहुधा सोसतं. गव्हाची ॲलर्जी हे तिसरंच प्रकरण: अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, तेही बहुधा मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत. दूध न पचणं आणि सिलिॲक यांच्यातला एक दुवा मात्र खरा आहे. सिलिॲकमध्ये आतडं झिजल्यामुळं दूधही पचेनासं होतं आणि आतडं भरून आल्यावर बऱ्याचदा पुन्हा पचू लागतं. त्यामुळं सिलिॲकच्या मुलाचं दूध कायमचं तोडायची घाई करू नये.

जोंधळ्याच्या भाकरीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. शाळू, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, कशातच ग्लूटेन नाही. आपल्या स्वयंपाकघराइतकं सोयीचं स्वयंपाकघर या आजाराला क्वचितच मिळेल. घरचा तांबडा-पांढरा रस्सा खोबरं, तीळ, खसखस, काजू यांवर दाट होतो, गव्हाची गरजच पडत नाही. मटकीची उसळ आणि कट घरी चालतो, फक्त वरचा ब्रेड नको आणि फरसाणात मैद्याचं काही नको. संकष्टीचा दिवस तर ताटात सगळ्यात निवांत.

पण ‘शंभर टक्के निर्धोक’ म्हणायला गिरणी आडवी येते. दळण टाकायला गेलं की आपण विचारतो, ‘मामा, जोंधळ्यावर जोंधळा घालणार ना?’ आपण विचारतो ते चवीसाठी, पण सिलिॲकच्या घराला तेवढ्यानं भागत नाही. सकाळपासून त्याच जात्यात गहू दळलेला असतो. दगडांच्या खाचांत, पीठ पडतं त्या तोंडाच्या फडक्यात, पत्र्याच्या डब्याच्या कोपऱ्यांत कणीक साठलेली असते, आणि पुढच्या दळणाचं पहिलं पीठ तिच्यासकटच खाली येतं. हवेतही कणीकच उडत असते. भाचीच्या घरी म्हणून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, असं ठरलं. ज्यांना घरघंटी परवडत नाही, त्यांनी भात, तांदळाची उकड, साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ असे न दळता होणारे पदार्थ वाढवावेत, किंवा धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर दळावं. निवडणं दोन्हीकडं गरजेचं, कारण बाजारातल्या जोंधळ्यात गव्हाचे दाणे सापडतातच.

दुसरी गोष्ट सुगरणींच्या हातातली. पीठ जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना तुटते. मग तिच्यात मूठभर कणीक मिसळायची, ही जुनी युक्ती आहे. बाहेरच्या ‘ज्वारीच्या भाकरी’तही ती असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नये. घरी उकळत्या पाण्यात पीठ मळलं की जुन्या पिठाचीही भाकरी उचलता येते. ताजं थोडंथोडं पीठ ठेवणं त्याहून सोपं. परात, तवा, पोळपाट वेगळे असावेत. हिंगाच्या डबीवर घटक वाचावेत, कारण आपल्याकडच्या पुष्कळशा हिंगात गव्हाचं पीठ असतं, आणि ती चिमूट आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडं जाते. चायनीजच्या गाड्यावरच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत बार्ली असते, आणि बार्लीही गव्हाइतकीच वर्ज्य.

राहिला शेवटचा सल्ला: गहू बंद करून बघा, तपासणी कशाला, बरं वाटलं की सुरू करा. हे तीनही चुकीचं आहे. रक्ततपासणी शोधते त्या प्रतिपिंडांना, आणि गहू बंद केला की ती कमी होत जातात. आतड्यातली झीजही भरू लागते. महिनोन्‌महिने गहू सोडून तपासायला गेलात, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग खात्री करायला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि बरं वाटू लागलेल्या लेकराला आजारी पडण्यासाठी चपाती भरवणं कुठल्याही आईला जड जातं. बरं वाटणं हाही पुरावा नाही, कारण गहू सोडल्यावर बिस्किटं, बेकरी, तळण असं बरंच काही आपोआप सुटतं. आणि पोट सुधारतं ते गहू नाही म्हणूनच. आजार आयुष्यभराचा आहे. मुलांचं आतडं काही महिन्यांत भरून येतं, मोठ्यांना वर्ष-दोन वर्षं किंवा जास्तही लागतात, आणि चपाती परत आली की झीजही परत येते.

शंका असेल, तर गहू चालू असतानाच डॉक्टरांकडं जा. टीटीजी आयजीए (या आजारातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) आणि त्याच्यासोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण), अशी रक्ततपासणी होते. गरज असेल तर पुढं दुर्बिणीतून आतड्याचा नमुना घेतात. घरात एकाला सिलिॲक निघालं, तर भावंडं, आई-वडील, मुलं यांचीही तीच तपासणी करून घ्या, त्रास नसला तरी. जवळच्या नात्यात दहातल्या एकाच्या आसपास माणसांना तो निघतो. अहवाल हातात येईपर्यंत त्यांच्या ताटातली चपाती तशीच राहू द्या.