जोडीनं जपान उरकायचं असेल तर

हिवाळ्यात दोघांनीच जपानला जायचं ठरलंय ना? मग नकाशा बघणं, चार पानं वाचणं असले रिकामटेकडे उद्योग करू नका, थेट एक्सेल उघडा. डावीकडे तारखा टाका, वर तास टाका आणि टोकियो, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, साप्पोरो सगळं अकरा दिवसांत कोंबा. साप्पोरो पार वरच्या होक्काइदो बेटावर, टोकियोहून विमानानं दीड तास, त्यात विमानतळाची ये-जा धरली की अख्खा दिवस गेला, आणि हिरोशिमा बरोब्बर उलट्या दिशेला, पण शीटमध्ये दोन्ही शेजारशेजारच्या चौकटीत बसतात, मग अडचण काय आहे? चौकटी रंगवायचं काम दोघांपैकी एकानंच करावं. दुसऱ्यानं ते बघून फक्त "एवढं जमेल का रे?" असं एकदा विचारून ठेवावं, हे वाक्य पुढे ओसाकाच्या आसपास उपयोगी पडतं.

आता बर्फ. टोकियोत उतरल्या उतरल्या बर्फ दिसला पाहिजे अशी अपेक्षा ठेवा आणि तो नाही म्हणून पहिल्याच दिवशी तोंड पाडून बसा. सायबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून येता येता ओल उचलतो, मधल्या डोंगरांना थडकतो आणि सगळा बर्फ पश्चिम किनाऱ्यावरच्या निगाताच्या बाजूला ओतून मोकळा होतो, टोकियोच्या वाट्याला नुसता कोरडा वारा, लख्ख ऊन आणि निळंशार आभाळ. कोकणात धो धो आणि घाट ओलांडून फलटणला यावं तर ठणठणीत, तसलाच प्रकार. खरं तर शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, तासा-सव्वातासात एचिगो-युझावाला जाऊन बर्फ बघून संध्याकाळी परत येता येतं, पण ते नाव कुठल्याच रीलमध्ये आलेलं नसल्यामुळे तिकडे फिरकू नका. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी निवांत उठून, हॉटेलच्या नाष्ट्याचे पैसे वसूल करून, साडेअकराला बाहेर पडायचं म्हणजे उजेडाचा फार त्रास होत नाही.

जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वेचा पास, घ्याच. शेजारच्या काकांनी घेतला होता आणि त्यांचे म्हणे खूप पैसे वाचले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला आणि टोकियो-क्योतो जाऊन-येऊन सुटं तिकीट साधारण २८,००० च्या घरात पडतं, पण असली बेरीज-वजाबाकी करणारी माणसं आयुष्यात एन्जॉय काय करणार! शिवाय सगळ्यात जलद असलेल्या नोझोमीला पास असला तरी वर वेगळे पैसे मोजावे लागतात, ते मात्र प्लॅटफॉर्मवर, गाडी समोर उभी असताना कळलं पाहिजे, त्यात थ्रिल आहे. सीट मिळालीच तर टोकियोहून क्योतोकडे जाताना डावीकडची घ्या. फुजी उजवीकडे दिसतो आणि हिवाळ्यातल्या सकाळी तर फार स्वच्छ दिसतो, पण तुम्ही तेव्हा कालच्या फोटोंना फिल्टर लावत असणार, उगाच एखाद्या गरजूची खिडकी का अडवा?

सामान. दोघांत अजस्र दोन बॅगा, वर एक रिकामी, शॉपिंगसाठी. जपानात हॉटेलच्या काउंटरवर बॅग देऊन टाकली की ताक्क्युबिनवाले म्हणजे तिथले कुरिअरवाले ती पुढच्या शहरातल्या हॉटेलात बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचवतात, बॅगेमागे दोन-तीन हजार येन पडतात आणि तुम्ही पाठीवर छोटी सॅक टाकून मोकळे. हे अजिबात करू नका. आपली बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायची? तिच्यात भडंग आहे! स्वतः ओढा, आणि ओढायला टोकियोचं शिंजुकू स्टेशन निवडा, दोनशेच्या वर एक्झिट आणि दिवसाला तीसेक लाख माणसं, सकाळी साडेआठची वेळ उत्तम. "साउथ एक्झिट म्हणजे न्यू साउथ की साउथ-ईस्ट?" या प्रश्नावर लग्नाला जितकी वर्षं झाली असतील तितका वेळ भांडता येतं, आणि आजूबाजूला इतकी शांतता असते की तुमचा शब्द न् शब्द अख्ख्या हॉलला ऐकू जातो, मराठी कुणाला कळतंय म्हणून बिनधास्त बोला. टोकियोच्या निशिकासाई भागात पुष्कळ भारतीय राहतात आणि त्यांच्यात मराठी माणसंही आहेत, त्यातलं कुणी नेमकं मागे उभं असेलच असं काही नाही.

हॉटेल बुक करताना 'सेमी-डबल' हा शब्द दिसला की लगेच घ्या, दोघांसाठी म्हणून लिहिलेलं असतं आणि स्वस्तही असतं. हा पलंग १२० सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे माणशी साठ. रात्री एकानं कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवून, ठरवून, एकाच दिशेला बदलावी लागते, आणि खोलीत एका वेळी एकच बॅग उघडते, तीही दाराला टेकवून, तोवर दुसऱ्यानं बाथरूममध्ये कमोडवर बसून राहायचं. सीट मात्र गरम असते हं, एवढं सुख आहे. थंडीच्या दिवसांत कित्येक जोडप्यांचं जपानवरचं प्रेम खरं तर इथेच सुरू होतं, देवळांचं नाव उगाच पुढे करतात.

तारखा कोणत्या? २४ डिसेंबर ते ३ जानेवारी, दुसऱ्या कुठल्या असणार, ऑफिसची सुट्टी तेव्हाच असते. नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ जपानात जोडप्यांची असते, चांगल्या रेस्टॉरंटची टेबलं फार आधी गेलेली असतात. तुम्ही अर्थातच काही बुक करू नका, सात वाजता हातात हात घालून निघा आणि नऊ वाजेपर्यंत नुसतं फिरा. शेवटी केएफसीत जाऊ म्हणाल तर सत्तरच्या दशकातल्या एका जाहिरातीपासून त्या देशात नाताळला तिथलीच कोंबडी खायची रीत पडलीय आणि त्या बादलीचंही आधी बुकिंग असतं. मग कॉन्बिनीतला, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातला, अंड्याचा सँडविच आणि वेंडिंग मशीनमधलं गरम मक्याचं सूप. हे मशीन मात्र नीट बघा, किमतीखाली लाल पट्टी म्हणजे गरम आणि निळी म्हणजे गार, थंडीत तो लालवाला डबा आधी दोन्ही हातांनी धरायचा, मग गालाला लावायचा, मग प्यायचा, तळाशी चिकटलेले मक्याचे दाणे काही केल्या बाहेर येत नाहीत आणि ते काढायला रस्त्यात मान वर करून डबा ठोकत उभं राहायचं... असो, हे शीटमध्ये नाहीये. पुढे चला.

३१ तारखेला टोकियोतल्या शिबुयाच्या चौकात काउंटडाऊन करायला जा. तो कार्यक्रम २०२० पासून बंद झाला आणि त्यानंतर तिथे पोलीस कर्ण्यावरून गर्दीला पुढे सरकायला सांगत असतात, पण आपण लांबून आलोय, आपल्यासाठी करतील काहीतरी. एखाद्या गल्लीतल्या देवळात त्याच वेळी १०८ घंटा वाजतात, एकेक टोल विरेपर्यंत पुढचा पडत नाही, काही ठिकाणी रांगेत उभं राहिलं तर बाहेरच्यालाही एक टोल देता येतो, आणि लोक रात्री शांतपणे सोबा नूडल्स खाऊन वर्ष संपवतात. पण यात फटाके नाहीत. १ जानेवारीला उठून म्युझियम गाठा, ते बंद असेल. बाजारात जा, तोही बराचसा बंद. सगळं टोकियो मेइजी देवळाच्या रांगेत असतं, पहिल्या तीन दिवसांत तीसेक लाख लोक तिथे येतात. दुसऱ्या दिवशी शिंकान्सेननं कुठेतरी निसटायला बघा, या दिवसांत नोझोमीचे सगळे डबे रिझर्व्हड असतात हे तिकीट खिडकीवरची मुलगी तुम्हाला तीनदा वाकून सांगेल. ती वाकतेय म्हणजे मान्य करतेय असं समजून आपला मुद्दा लावून धरा.

क्योतोला पोचलात की र्‍योआनजी देवळाच्या दगडी बागेत जास्तीत जास्त सात मिनिटं. तिथे पांढऱ्या खडीवर १५ दगड मांडलेत, व्हरांड्यात कुठेही बसलं तरी एखादा तरी नजरेआड राहतो. तुम्ही मोजा, चौदा भरतील, एकानं "पंधरा" म्हणावं, दुसऱ्यानं "चौदाच", त्यावरून जरा जोरात बोलावं म्हणजे मांडी घालून शांत बसलेल्या इतरांनाही कळेल की तुम्हालाही झेन समजतं. संध्याकाळी गिओनमध्ये, म्हणजे गेइशांच्या जुन्या वस्तीत. २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे आणि पाटीवर १०,००० येन दंड लिहिलाय, कारण लोक कामावर निघालेल्या बायकांचे किमोनो ओढून फोटो मागत होते. पाटीसोबत सेल्फी घ्यायला विसरू नका. नाराला हरणं वाकून नमस्कार करतात, बिस्किटं हातात असेपर्यंतच. संपली की जॅकेट चावतात. जोडीदाराच्या हातात बिस्किटं देऊन आपण कॅमेरा घेऊन लांब उभं राहावं.

ओसाकाला सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, टोकियोत डावीकडे, तुम्ही दोघं शेजारीशेजारी उभे राहा, जोडी आहे. तिथून हिरोशिमाकडे जाताना मध्ये ओकायामा लागतं. पुण्याच्या सिंहगड रोडवरची मैत्री बाग ज्या कोराकुएन बागेवरून केलीय ती तिथेच आहे, पुणेकरांनी उतरायचं कारण नाही, बाग घराजवळ आहेच आणि तीही पाहुणे आल्याशिवाय बघितलेली नाही. हिरोशिमाला शीटमध्ये दोन तास ठेवा, ओकोनोमियाकीची, म्हणजे तिथल्या कोबीच्या जाड धिरड्याची, रांग धरून. म्युझियममध्ये एका तीन वर्षांच्या पोराची गंजलेली तिचाकी सायकल ठेवलीय, ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तो घराबाहेर तीच चालवत होता आणि बापानं त्याच्यासोबत ती अंगणात पुरली होती, कित्येक वर्षांनी उकरून काढली. लोक तिच्यासमोर उगाच थांबतात, पुढची रांग अडते. मियाजिमा बेटाची फेरीबोट चुकली तर दोष त्यांचा.

शाकाहारी असाल तर फक्त "नो मीट" म्हणा. समोरचा "हाय" म्हणेल, म्हणजे जपानीत "हो". मग भाज्यांच्या उदोनचा, म्हणजे जाड नूडल्सचा, तो पारदर्शक रस्सा प्या, वा, किती हलका! त्याची बरीचशी चव सुकवलेल्या बोनिटो माशाची असते, हे घरी आल्यावर आईला सांगू नका. क्योतोत बौद्ध मठांचं शोजिन र्‍योरी मिळतं, त्यात मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, रस्सा समुद्री शेवाळाचा आणि मश्रूमचा, पण आधी बुक करावं लागतं आणि शांतपणे खावं लागतं, त्यापेक्षा खोलीतल्या किटलीत रेडीमेड पोहे भिजवा.

ओन्सेनचं काय करायचं? टाळा. गरम पाण्याचा झरा, बाहेर थंडी, वर वाफ, हे सगळं ठीक, पण आधी स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ करा, मग अंगावर काहीही न घालता पाण्यात उतरा, आणि बहुतेक ठिकाणी बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. म्हणजे तासभर ना फोन, ना फोटो, ना शीट, ना "आता पुढे कुठे?" विचारणारं माणूस. काही जोडपी अशी तासाभरानं बाहेर येतात, लालबुंद झालेली, गार दुधाची बाटली हातात घेऊन बाकावर बसतात आणि कुणीच काही बोलत नाही. वेळेचा केवढा अपव्यय!

परत आल्यावर शीट फॅमिली ग्रुपवर टाका, हिरव्या चौकटी म्हणजे झालेलं, लाल म्हणजे राहिलेलं. दहा मिनिटांत धाकट्या दिराचा रिप्लाय येतो. त्याला प्लॅन आवडलाय, फक्त त्यानं तेवढ्याच दिवसांत कोरियाही बसवलाय.