‘नोस्फेरातू’ जुना आहे म्हणून टिकलेला नाही

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ हा जर्मन मूकपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील एका सभागृहात पहिल्यांदा दाखवला गेला आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तो जगभर पाहिला जातो. तो इतका का टिकला, हा विषय निघाला की एक ठरलेले मत पुढे येते. ते इतक्यांनी इतक्यांना पाठवले आहे की चित्रपट न पाहिलेल्यांनीही ते स्वीकारलेले दिसते. ते मत असे: हा चित्रपट म्हणजे ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या रक्तपिपासू भुताच्या (व्हॅम्पायरच्या) कादंबरीची नावे बदलून केलेली चोरी आहे, न्यायालयाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला लावल्या, एकच कशीबशी वाचली आणि त्या दंतकथेवर तो गाजला, त्यातला नट खरोखरच रक्तपिपासू होता अशा अफवेने त्याला हात दिला, एरवी भरभर चालणारी माणसे आणि भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून हिंडणारे भूत पाहून आज हसूच येते, तेव्हा समीक्षक मान देतात तो केवळ वयाला. या मतातल्या बहुतेक मुद्द्यांत सत्याचा एखादा कण आहे आणि म्हणूनच ते एकेक करून तपासायला हवे.

आधी चोरीचा आरोप. निर्मात्या ‘प्राना’ कंपनीने ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांची परवानगी घेतली नव्हती, हे खरे आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु नावे बदलून मूळ लपवले, हे म्हणणे टिकत नाही, कारण चित्रपटाच्या मूळ जर्मन श्रेयनामावलीतच स्टोकर यांच्या कादंबरीचा उल्लेख होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी कथेचा कणाच बदलला. कादंबरीत पुरुषांची एक टोळी अभ्यास करून, पाठलाग करून ड्रॅक्युलाला सुऱ्यांनी संपवते. चित्रपटात पुरुष निरुपयोगी ठरतात. त्यातले प्राध्यापक विद्यार्थ्यांना कीटकभक्षी वनस्पती आणि सूक्ष्मदर्शकाखालचा पारदर्शक जलजीव दाखवत राहतात. रक्तपिपासू हा सृष्टीच्या नियमाबाहेरचा नसून तिच्यातलाच एक भक्षक आहे, हे त्यातून प्रेक्षकाला उमगते, प्राध्यापकांना मात्र शेवटपर्यंत काही करता येत नाही. रक्तपिपासू काउंट ऑरलॉक शहरात साथ घेऊन येतो, आणि शहर वाचते ते एलेन या एकट्या स्त्रीमुळे. ती ऑरलॉकला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी थांबवून धरते आणि त्यात तिचा जीव जातो. रक्तपिपासू सूर्यकिरणांनी मरतो, ही आज सर्वांना मूळचीच वाटणारी कल्पनाही कादंबरीतली नाही. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यांवरून फिरतो. ती कल्पना या चित्रपटाची आहे आणि पुढच्या शंभर वर्षांतील असंख्य भयकथांनी ती उचलली आहे.

एकच प्रत वाचल्याची गोष्ट ऐकायला छान आहे. कंपनी दिवाळखोरीत गेल्यामुळे फ्लॉरेन्स स्टोकर यांना भरपाई मिळण्याची आशा उरली नव्हती, म्हणून त्यांनी प्रती नष्ट करण्याची मागणी लावून धरली आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने तसा आदेश दिला, इथपर्यंत ठीक. पण तोवर चित्रपट परदेशी गेलेला होता. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या प्रती राहिल्या, आणि आज आपण पाहतो ती दुरुस्त आवृत्ती अशा प्रती एकमेकींशी ताडून सिद्ध झालेली आहे. नटाबद्दल तर फार लिहिण्याची गरजच नाही. ऑरलॉक साकारणारे माक्स श्रेक हे रंगभूमीवरचे कसलेले कलावंत होते, त्यांनी नंतरही अनेक भूमिका केल्या आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘श्रेक’ म्हणजे जर्मन भाषेत धास्ती, आणि ते त्यांचे खरे आडनाव होते, एवढ्या योगायोगावर ही अफवा पोसली गेली. तिच्यामुळे एका मेहनती नटाचे श्रेय झाकले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता त्या हसू येणाऱ्या प्रसंगाकडे वळू. ऑरलॉक बंदरात उतरतो आणि स्वतःची शवपेटी उचलून शहराच्या वेशीतून आत शिरतो. संगणकावर सहज मिळणाऱ्या कृष्णधवल प्रतींत हा प्रसंग लख्ख उजेडात घडताना दिसतो आणि प्रेक्षक विचारतो की हा उन्हाने मरणारा प्राणी असा दिवसाढवळ्या कसा काय फिरतो. मी पहिल्यांदा पाहिली तीही अशीच एक पुसट प्रत होती आणि मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. उत्तर साधे आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचे चित्रण रात्री करणे फार अवघड होते, म्हणून ते दिवसा करून प्रतीवर निळा रंग चढवीत. दिव्याच्या उजेडातले प्रसंग पिवळसर, पहाटेचे गुलाबी, अशी ती रंगांची भाषा होती आणि प्रेक्षकाला ती पाठ होती. पुढे रंगीत प्रतींवरून कृष्णधवल प्रती निघाल्या, त्यांवरून आणखी निघाल्या, आणि रात्र हरवली. फ्रान्समध्ये जपलेल्या एका रंगवलेल्या प्रतीच्या आधारे झालेल्या नव्या दुरुस्तीत ती रात्र परत आलेली आहे. तीच वेस, तोच माणूस, तीच पेटी. पण निळ्या अंधारात झोपलेल्या शहरातून तो एकटाच घाईने निघालेला दिसतो तेव्हा हसणे बाजूला राहते. माणसांच्या भरभर चालण्याचेही तसेच आहे. कमी वेगाने चित्रित केलेली फिल्म नंतरच्या यंत्रांवर जास्त वेगाने फिरवली, की कोणीही धावत सुटल्यासारखाच दिसणार. तो दोष दाखवणाऱ्याचा आहे. मुर्नाऊ यांनी वेग मुद्दाम वाढवला आहे तो ऑरलॉकच्या घोडागाडीचा, आणि त्या प्रवासात एके ठिकाणी उलटी (निगेटिव्ह) प्रतिमा वापरून जंगल पांढरे आणि आकाश काळे केले आहे. दोन्ही वेग सारखेच धावू लागले तर हा फरक कळणार कसा?

शेवटी भीती. हा चित्रपट दचकवत नाही, हे मी मान्य करतो. शिवाय त्यातल्या काही गोष्टी फसलेल्या आहेत, हेही सांगायला हवे: आरंभी एलेनचा नवरा हुटर याचे खिदळणे अति होते, आणि सरायीजवळ घोड्यांना बिथरवणारा लांडगा म्हणून जो प्राणी दाखवला आहे तो चक्क पट्टेदार तरस आहे, जो आपल्या माळरानांवर वावरणाऱ्यांना पहिल्या नजरेत ओळखू येतो. पण म्हणून भीती नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने हुटरच्या ऑरलॉकच्या किल्ल्यातल्या दुसऱ्या रात्रीचा प्रसंग पुन्हा पाहावा. हुटर खोलीचे दार किलकिले करतो. लांबवर, दालनाच्या टोकाला, ऑरलॉक नुसता उभा आहे. हुटर दार लोटतो, पण त्याला आतून कडीच नाही. तो अंथरुणात शिरून लहान मुलासारखा पांघरुणाआड तोंड लपवतो. दार आपोआप उघडते आणि निमुळत्या कमानीच्या चौकटीत ती काटकुळी, ताठ आकृती अशी नेमकी बसते की कमानच उभी केलेली शवपेटी वाटू लागते. त्याच क्षणी शेकडो कोसांवर विस्बोर्ग या त्यांच्या शहरात एलेन झोपेतून उठते आणि हात पसरून नवऱ्याला हाक मारते. इकडे ऑरलॉक थबकतो, मान वळवतो आणि मागे पाहतो. दोन वेगळ्या ठिकाणची चित्रे केवळ शेजारी जोडल्यामुळे त्याने तिची हाक ऐकली आणि आता त्याची नजर तिच्यावर पडली, हे आपल्याला कळते. शब्द एकही नाही. हुटर सुटला, आणि त्याच्या जागी कोण सापडले, हे त्या मान वळवण्यातच सांगून झालेले आहे.

दुसरी भीती रस्त्यावरची आहे. त्याच काळातल्या काही प्रसिद्ध जर्मन चित्रपटांनी रंगवलेल्या वाकड्यातिकड्या नेपथ्यात भय उभे केले, तर मुर्नाऊ आणि छायाचित्रकार फ्रित्स आर्नो वाग्नर कॅमेरा घेऊन स्लोव्हाकियातील ओरावा किल्ल्यात, विस्मारच्या बंदरात आणि ल्यूबेकच्या जुन्या मिठाच्या वखारींपाशी गेले. या वास्तू आजही उभ्या आहेत. अशा खऱ्याखुऱ्या शहरात जहाजातून उंदीर उतरतात, ढोल वाजवत दवंडी पिटली जाते, दारांवर खडूच्या खुणा होतात, आणि एलेन खिडकीतून पाहते तेव्हा अरुंद गल्लीतून काळ्या कपड्यांतली माणसे एकामागून एक शवपेट्या खांद्यावर घेऊन येत असतात. १९२२ च्या प्रेक्षकाच्या मागे महायुद्ध होते, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती. ‘ड्रॅक्युला’ कादंबरी प्रसिद्ध झाली त्या १८९७ साली पुणे प्लेगने रिकामे होत होते, आणि मेलेला उंदीर दिसताच घर सोडून गावाबाहेर झोपडीत राहायला गेलेल्या पणजोबा-पणजीच्या आठवणी आपल्याकडे कित्येक घरांत आहेत. त्या ऐकून वाढलेल्या माणसाला, किंवा २०२० च्या टाळेबंदीत बाहेरचा रिकामा रस्ता पाहत बसलेल्या माणसाला, ही गल्ली परकी वाटत नाही. शहर घाबरल्यावर दोष द्यायला कोणीतरी शोधते, हेही चित्रपटाने दाखवले आहे: हुटरचा मालक असलेल्या वेड्या नॉकच्या मागे जमाव दगड घेऊन धावतो आणि शेतातल्या बुजगावण्यावर तुटून पडतो.

वयालाच मान द्यायचा असता तर १९२२ मध्ये निघालेले इतर शेकडो चित्रपटही असेच पाहिले गेले असते. त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा आज कोणाला सांगता येणार नाहीत. ‘नोस्फेरातू’ मात्र १९७९ मध्ये वेर्नर हेर्झोग यांना आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स यांना नव्याने करावासा वाटला. तो ज्यांनी अजून पाहिलेला नाही, त्यांनी रंगवलेली, योग्य वेगाची प्रत शोधावी, संगीत चालू ठेवावे, खोलीतले दिवे मालवावे आणि एलेनच्या घराच्या जिन्यावरून वर चढत जाणारी ती सावली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.