अथेन्सचा जावई

सुध्याच्या ग्रीस ट्रिपचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी बघितलेच आहेत, ते परत सांगत बसत नाही. काल कट्ट्यावर रेवा जे बोलली ते मात्र लिहून ठेवतोय, कारण ते वाया जायला नको.

सुरुवात झाली त्या अथेन्समधल्या आठ बाजूंच्या संगमरवरी मनोऱ्यावरून. सुध्या ती निळी टोपी घालून (चौथा दिवस, काढतच नाही) सांगत होता, "वरती आठ पऱ्या कोरल्यात बघ, काय नाजूक काम, मी स्वतः तिथे उभा होतो."

रेवाने मोबाईल घेतला, झूम केला. "सुध्या, पऱ्यांना दाढी असते?"

"अगं गाईड म्हणाला…"

"गाईड बरोबरच बोलला असेल, तू सेल्फी काढत होतास. हे आठ दिशांचे वारे आहेत."

मग तिने एकेक दाखवायला घेतलं आणि मी चहा विसरलो. बोरेअस, उत्तरेचा, जाड झगा घालून शंख फुंकतोय. कायकिअस ढालीत गारा घेऊन. नोटॉस घडा उपडा करतोय म्हणजे पाऊस आलाच. आणि झेफिरॉस, पश्चिमेचा, अनवाणी, ओटीत फुलं. सगळ्यांना पंख. अँड्रोनिकस नावाच्या माणसाने बांधला हा मनोरा, वर ब्राँझचा ट्रायटन (अर्धा माणूस, अर्धा मासा असा समुद्रदेव) होता, तो वाऱ्याबरोबर फिरायचा आणि हातातली काठी त्या त्या वाऱ्यावर धरायचा. म्हणजे नुसती मान वर केली की कळणार आज कोण आलंय आणि काय घेऊन आलंय. मला तर हे कुठल्याही देवळापेक्षा भारी वाटतं.

आप्पा लगेच, "आपल्याकडे 49 मरुत आहेत. आठाचं काय कौतुक!" आप्पा पिझ्झा बघूनसुद्धा आपल्याकडे थालीपीठ आहे म्हणतात.

"आहेतच की आप्पा," रेवा म्हणाली, "पण त्यातल्या कुठल्या वाऱ्याने चाळीतला कांदा सडतो ते सांगणारा मनोरा कुठल्या चौकात आहे, तेवढं दाखवा."

आप्पा चहाकडे वळले.

बाळ्या म्हणाला, "पण आपला मारुती बिनपंखाचा उडतो, मग यांना पंख कशाला लागतात?"

"पंख म्हणजे हा थांबणार नाही," रेवा म्हणाली. "ग्रीकांना खरी धास्ती त्याचीच होती. म्हणून ज्याला पंख त्याला बांधायचं कसं, यातच त्यांचं सगळं डोकं. विजयाची देवी नायकी, एरवी पंखवाली, पण अथेन्सच्या त्या देवळांच्या टेकडीवर, अक्रोपोलिसवर, बिनपंखाची ठेवली. कशाला, तर उडून जाऊ नये, असं पॉसेनिअस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवाशाने लिहिलंय. आणि इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवाले स्पार्टाकडून हरलेच की. पंख नसले तरी पाय असतात ना."

मग वाऱ्यांचा राखणदार एओलस, त्याची गोष्ट निघाली. त्याने सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत बांधून युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसिअस राजाला दिले, फक्त पश्चिमेचा मोकळा सोडला. नऊ दिवस नीट गेले, दहाव्या दिवशी त्याचं घरचं बेट इथाका समोर दिसायला लागलं, ओडिसिअसला झोप लागली, आणि बरोबरच्या लोकांनी सोनं-चांदी असेल म्हणून पिशवी सोडली.

"दिवेआगरच्या ट्रिपला डबा कोणी उघडला होता रे बाळ्या?" सुध्या.

"परत तेच! सुरळीच्या वड्या होत्या त्यात, आणि त्या सगळ्यांसाठीच होत्या."

"माझ्या आईने माझ्यासाठी दिलेल्या!"

यात दहा मिनिटं गेली. दर महिन्याला जातात.

रेवा बोरेअसवर आली. अथेन्सचा राजा एरेक्थिअस, त्याची मुलगी ओरायथिया, तिला या बोरेअसने इलिसॉस नदीकाठून उचलून नेलं. पुढे इ.स.पू. 480 मध्ये इराणी आरमार चालून आलं तेव्हा अथेन्सवाल्यांना कौल मिळाला म्हणे, जावयाला हाक मारा. मारली. मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर वादळ आलं, कमीत कमी आकडा सांगणारेही 400 जहाजं फुटली म्हणतात. परत आल्यावर इलिसॉसकाठी जावयाचं देऊळ बांधलं.

"याला म्हणतात जावई!" सुध्याने मांडीवर थाप मारली.

"सुध्या, पळवली होती तिला," रेवाचा आवाज बदलला. "आपल्या कामाचा निघाला म्हणून त्याचा जावई झाला. ही गोष्ट लिहिणारा इतिहासकार हिरोडोटस स्वतः म्हणतो, वादळ त्याच्यामुळेच आलं का हे मला सांगता येत नाही. आणि सॉक्रेटिस त्याच नदीकाठी फिरताना म्हणतो की शहाणी माणसं असंही सांगतील, पोरगी खेळत होती, उत्तरेच्या वाऱ्याने खडकावरून ढकलली, मेली. म्हणजे बघ, कड्यावरून पडलेल्या पोरीचं वाऱ्याशी लग्न लावलं, आणि ते नातं आरमार बुडवायला वापरलं. देऊळ कोणाला, तर त्याला."

कोणीच काही बोललं नाही. मी इतकी वर्षं ही गोष्ट अथेन्सच्या पराक्रमाची म्हणून सांगत आलोय, आता नाही सांगता येणार तशी.

शेवटी आप्पांनीच कप ठेवला. "जामाता दशमो ग्रहः. सुधीरराव, परवाच्या वादळात तुमच्या सासऱ्यांच्या घराचे पत्रे उडाले, त्यांनीही जावयाला हाक मारली असेल. कुठे होतात?"

सुध्या टोपी नीट करायला लागला.

"ग्रीसला," बाळ्या म्हणाला, आणि रेवा इतकी हसली की तिचा चहा त्या निळ्या टोपीवर.