दोन डोस घेतलेल्या माणसाला पुन्हा आठच्या आत घरी पाठवता?

आज ६ सप्टेंबर २०२१, पोळा. मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली आणि मग ती बातमी आली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

पालकमंत्री म्हणतात, नागपुरात तिसरी लाट आली. रोजच्या कोरोना रुग्णांचा आकडा दोन अंकी झाला, म्हणून दोन-तीन दिवसांत पुन्हा निर्बंध. दुकानं आठऐवजी चारला बंद, हॉटेलं दहाऐवजी आठला बंद, शनिवार-रविवार कुलूप. आकडा दोन अंकी झाला, राजेहो! २४ लाखांच्या शहरात!

फेब्रुवारीतही असंच हळूहळू सुरू झालं होतं, हे मला माहीत आहे. पण फेब्रुवारीत लस होती कुणाच्या दंडात? डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार, बस. आपल्या आईवडलांचा नंबरसुद्धा १ मार्चला लागला. तो फेब्रुवारी आणि हा सप्टेंबर एकाच मापाने मोजायचा असेल, तर मधले सहा महिने आपण रांगा कशासाठी लावल्या?

माझा दादा सावजी, म्हणजे झणझणीत मटण-रश्श्याचं भोजनालय, चालवतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. अर्ध्याअधिक जण तिथे जेवून गेले आहात. श्रावणात सावजीचं काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. महिनाभर भट्टी नावापुरती पेटते. उद्या कर, पोळ्याचा दुसरा दिवस. पोरं लाकडाचे बैल घेऊन तान्हा पोळा फिरतील आणि घरोघरी मटण शिजेल. सावजीवाल्याचा धंदा उद्यापासून उभा राहतो. आणि सावजीला माणूस येतो कधी? साडेआठ, नऊ. दिवसभराचं काम आटपून, हातपाय धुऊन, मित्राला गाडीवर मागे बसवून. आठला शटर पाडायचं असेल तर रस्सा शिजवायचाच कुणासाठी?

दादा निभावून नेईल. त्याने याहून वाईट दिवस काढलेत. माझा जीव अडकलाय तो मामांमध्ये.

मामा म्हणजे भट्टीवरचे आमचे आचारी. भिवापूरकडचे. सगळेच त्यांना मामा म्हणतात. मे महिन्यात त्यांना लसीसाठी तयार करायचं काम माझ्यावर आलं, कारण दादाचं ते ऐकेनात. त्यांच्या गावात बोललं जात होतं की सुई घेतली का माणूस दोन वर्षांत मरते. मामांच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. तेव्हा फक्त पार्सल चालू होतं, भट्टी अर्धीच पेटलेली. मामा निखाऱ्यावर खोबऱ्याच्या वाट्या भाजत होते. ती वाटी पार काळी होईपर्यंत चिमट्याने फिरवत राहावी लागते, नजर काढली की जळून कडू होते. तशी नजर न काढताच ते मला म्हणाले, "ताई, मले काही झालं तं पोरीयकडे कोन पाहीन?"

मी म्हटलं, मामा, सुई न घेता काही झालं तर? एप्रिल पाहिला ना तुम्ही? दोन्ही सुया घ्या. मग तुमचं काम कुणी बंद पाडणार नाही, भट्टी रोज पेटेल.

हे मी माझ्या मनाने बोलले नव्हते. लस घ्या म्हणजे व्यवहार सुरू करता येतील, हे सरकारच सांगत होतं. आणि ऑगस्टमध्ये ते पांढऱ्यावर काळं झालं. १५ ऑगस्टपासून हॉटेलं रात्री दहापर्यंत, निम्म्या क्षमतेने, आणि अट काय? काम करणाऱ्या प्रत्येकाचे दोन डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवेत. ही अट आम्ही घातली नव्हती, सरकारने घातली. आम्ही ती पाळली. मग आता तीन आठवड्यांत त्या दोन डोसांची किंमत शून्य कशी झाली, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

मामांना मी स्वतः माझ्या गाडीवर बसवून वस्तीतल्या शाळेत नेलं होतं. मनपाचं केंद्र होतं तिथे. ऊन असं की रांगेतल्या चपला तापलेल्या. सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि माझी ओढणी धरली. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस. रात्री तापाने फणफणले. गावाहून मामींचे फोनवर फोन, "काय करून ठेवलं हो माह्या मानसाले?" ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत. पहाटे ताप उतरला.

दुसऱ्या डोसला मला जावं लागलं नाही. दोन डोसांमधले ८४ दिवस भरले तसे मामा आपले आपण गेले, येताना प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन आले. ते कार्ड आजही शर्टाच्या खिशात असतं. एका कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा डाग पडलाय. गिऱ्हाइकांना काढून दाखवतात, कुणी मागितलं नाही तरी.

आता लगेच कुणीतरी लिहील की ताई, एप्रिल विसरलात का. नाही विसरले. एप्रिलमध्ये माझे काका गेले. पहिला डोस झाला होता, आठवडाभरात पॉझिटिव्ह आले. बेडसाठी माझा चुलतभाऊ रात्रभर शहरभर फिरला. घाटावर आधीच गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि आम्हाला लांब थांबायला सांगितलं होतं. काकूला शेवटचं पाहताही आलं नाही. काका मला लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून फुटाळा तलावावर न्यायचे. हे लिहिताना माझे हात थरथरताहेत, म्हणून यावर जास्त लिहीत नाही. तेव्हा कडक लॉकडाऊन केला, तो बरोबर केला. मार्चमध्ये केला तोही बरोबर. तेव्हा मी एका शब्दाने तक्रार केली नाही, माझी जुनी पोस्ट काढून पाहा.

पण तेव्हा आपल्याकडे दुसरं काही नव्हतं. आता आहे. लस ही काही पूजा करून देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नाही ना? तिने माणसाचं जगणं थोडं तरी मोकळं व्हायला पाहिजे.

लस घेतलेल्यालाही कोरोना होतो आणि तो दुसऱ्याला देऊ शकतो. बरं, मान्य. कोरोनाच्या डेल्टा प्रकाराने ते दाखवलं. म्हणूनच मी मास्क काढा असं कुठेही म्हणत नाहीये. मास्क राहू द्या, वर्षभर राहू द्या. निम्म्याच खुर्च्या भरा. खिडक्या उघड्या ठेवायला लावा, एसी बंद करायला लावा. दादाने भिंतीतला जुना पंखा काढून मोठा एक्झॉस्ट बसवला, कर्ज काढून. हे सगळं करायला माणसं तयार आहेत. कारण त्यात काहीतरी अर्थ आहे, हे अडाणी माणसालाही कळतं. आठला शटर पाडण्यात काय अर्थ आहे? जुलैत चारची वेळ होती तेव्हा दुपारी दोन ते चार इतवारीच्या आणि बर्डीच्या बाजारात काय गर्दी उसळायची, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. दिवसभरात पसरणारी माणसं दोन तासांत कोंबली. आठला हॉटेलं बंद केली की तेच होणार. सात ते आठमध्ये सगळे एकदम येतील, एकमेकांच्या ताटाला ताट लावून बसतील, आणि मग फोटो काढून तुम्हीच म्हणाल, बघा, नागपूरकर बेजबाबदार.

बेजबाबदार! या शब्दाचा तर मला संताप येतो. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंचा सागर येतो तो आला नाही. माणसं घरी बसली, घरूनच वंदन केलं. केवढं मन मारावं लागलं असेल, याची कल्पना तरी आहे का? उद्या मारबतीची मिरवणूक. "घेऊन जा गे मारबत" म्हणत जो गजर जुन्या नागपुरात घुमतो, तो यंदाही नेहमीसारखा घुमणार नाही. सोसतोय आम्ही. आणि गेल्या महिन्यात राज्यभर ज्या राजकीय यात्रा निघाल्या, त्यांत कुणाचं प्रमाणपत्र तपासलं होतं? पक्षाचं नाव घेत नाही, सगळेच सारखे. तिथे कोरोना नव्हता आणि आमच्या बारा टेबलांच्या भोजनालयात आहे?

दुसरं म्हणजे, मुंबईत दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळाला. चांगलं झालं, मिळायलाच हवा होता. मॉललाही तीच अट. म्हणजे लस मोजून माणसाला सोडता येतं, हे या सरकारला कळतं. मग नागपूरची वेळ आली की घड्याळच का दिसतं?

एक गोष्ट मात्र मनाला टोचते, तीही लिहिते. दादाकडे वाढणारी दोन पोरं आहेत, विशीतली. १८ वरच्यांची लस मे महिन्यात सुरू झाली, मग साठा नाही म्हणून थांबली, त्यांना पहिला डोस मिळाला जूनच्या शेवटी. ८४ दिवस अजून भरायचेत. म्हणजे नियमाने ती पोरं आज ताट वाढू शकत नाहीत. दादाने त्यांना पार्सल पोचवायला लावलंय. लसवाल्यांनाच मोकळीक द्या म्हटलं की या पोरांवर अन्याय होतो, हे खरं आहे. १८ च्या खालच्या लेकरांना तर अजून कुणालाच लस मिळत नाही, माझा मुलगाही त्यातच आला. म्हणून मुलांच्या बाबतीत मी घाई करणार नाही. पण ज्यांना तुम्ही लस देऊ शकला नाहीत त्यांच्यासाठी सुया वाढवा, केंद्रं रात्री उघडी ठेवा. ज्यांनी घेतली त्यांनाही घरी बसवून बरोबरी साधू नका.

संध्याकाळी पुरणपोळी घेऊन दादाकडे गेले होते. मामा यंदा पोळ्याला गावी गेले नाहीत, करीची तयारी म्हणून. घरी बैलजोडी आहे, तरी गेले नाहीत. टीव्हीवरची बातमी त्यांनी ऐकली होती. पोळीचा डबा हातात घेतला, उघडला नाही. म्हणाले, "ताई, तुमीच सांगतलं होतं ना, दोन सुया घेतल्या का मंग कोनी आडवत नाही. आता काहून?"

रागावून नाही हो म्हणाले. खरंच विचारत होते. आणि मी, बँकेत अधिकारी, दिवसभर लोकांना कागद समजावून सांगणारी बाई, मला त्यांना एक वाक्य सांगता येईना.

मला भीती वेगळीच वाटते. भिवापूरकडे मामांचं ऐकून किती जणांनी सुई घेतली, ते मामाच सांगतात. भाऊ, भावजय, शेजारचा भाड्याचा ट्रॅक्टर चालवणारा, सगळे. जे सरकारी जाहिरातींना आणि माझ्या समजावणीला जमलं नसतं, ते त्या लॅमिनेट कार्डाने केलं. आता मामा गावी जाऊन काय सांगतील? घेतली, तरी काम बंदच? अजून ज्यांनी पहिला डोसही घेतला नाही, ते हे ऐकणार आहेत. उद्या खरोखरच मोठी लाट आली तर त्यांचं काय?

बेड भरायला लागले, ऑक्सिजन कमी पडायला लागला, तर करा बंद. त्या दिवशी मी स्वतः दादाचं शटर ओढीन. पण डझनभर रुग्णांवरून नको.

आदेश अजून निघालेला नाही, दोन-तीन दिवस आहेत. काढायचाच असेल तर त्यात एवढं लिहा: सगळ्या कामगारांचे दोन डोस झालेत आणि खिडक्या, पंखे, मास्क, निम्म्या खुर्च्या पाळल्या जाताहेत अशा ठिकाणांना दहाची वेळ कायम. तपासायला माणसं पाठवा. जो पाळत नाही त्याला दंड करा, चांगला सणसणीत करा, आम्ही टाळ्या वाजवू. आणि निर्बंध कधी लावायचे ते दवाखान्यातले किती बेड भरले यावरून ठरवा, तो आकडा आधीच जाहीर करा, म्हणजे माणसाला किराणा किती भरायचा ते तरी कळेल.

मित्रयादीत नगरसेवक आहेत, पत्रकार आहेत, जिल्हाधिकारी कार्यालयात काम करणारे दोघं-तिघं आहेत. लाईक नको मला. हे वर पोचवा, आणि उद्या दुपारच्या आत पोचवा.